साताऱ्यातल्या गोडोलीच्या गच्चीवरचा स्कॅनर: कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

रेडिओ स्कॅनर घरी आला, म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत बिनतारी बोलणं ऐकवणारं यंत्र. पुण्याच्या एका जुन्या हॅम (म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्या) काकांकडून घेतला, वापरलेला, ८,००० रुपयांना. ५०० चॅनेल, त्यांचे दहा गट म्हणजे बँका, दोन पेन्सिल सेल, वर बीएनसी सॉकेट आणि त्यात बोटभर रबरी अँटेना. काकांनी पैसे मोजायच्या आधी माझं लायसन्स मागितलं. दोघांचे लायसन्स नंबर घालून विक्रीचा कागद केला आणि मगच डबा हातात दिला.

हे आधी लिहितोय, कारण घेणारे बरेच जण इथेच घसरतात. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून विनापरवाना बिनतारी यंत्र नुसतं बाळगणंही चालत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याची भूमिका तीच आहे. आजोबांच्या काळात तर घरातल्या साध्या रेडिओलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं. ती भानगड संपली, पण ती फक्त आकाशवाणी ऐकायच्या रेडिओपुरती. तेव्हा आधी हॅमची परीक्षा, मग स्कॅनर. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. माझं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं, म्हणजे खालच्या पायरीचं लायसन्स आहे.

शेजारच्या वहिनींचा पहिलाच प्रश्न, "भाऊजी, पोलिसांचं ऐकू येतं का हो ह्यात?" येत असेल, मी लावणार नाही. या नोंदींत हॅमचे पट्टे (हॅमसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सी) आणि हॅमच्या उपग्रहांखेरीज काही सापडणार नाही.

सेलच्या खणात एक बारीक बटण आहे: साधे सेल की रिचार्जेबल. चुकीच्या बाजूला ठेवून यूएसबी जोडली तर साधे सेलही चार्ज व्हायला लागतात, तापतात, गळतात. काकांनी ते बटण टेपनं रिचार्जेबलवर चिकटवून टाकलेलं होतं. टेप तशीच ठेवली, आणि साधे सेल घरात आणायचे नाहीत असं ठरवलं.

१६ सप्टेंबर

चॅनेल भरले. बटणांनी एकेक भरणं म्हणजे शिक्षा आहे, लॅपटॉपला जोडून भरा.

बँक १: १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधले हॅम रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर पुढे पाठवणारी यंत्रं) आणि सिम्प्लेक्स (मध्ये रिपीटर नसलेलं थेट बोलणं). रिपीटरच्या फ्रिक्वेन्सी आपापल्या भागातल्या हॅमकडून घ्या. इंटरनेटवरच्या याद्यांत बंद पडलेले रिपीटर भरपूर असतात. प्रत्येक रिपीटरच्या आउटपुटखाली त्याचा इनपुटही भरला, म्हणजे ६०० किलोहर्ट्झ खालचा. इनपुटवर माणूस थेट ऐकू आला तर तो जवळपास आहे, एवढं कळतं.

बँक २: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या हॅम रेडिओचे १४५.८०० आणि १४५.८२५.

बँक ३: ४३४ ते ४३८, म्हणजे आपल्याकडचा वरचा हॅम पट्टा.

'जवळचं प्रक्षेपण आपोआप पकडा' अशी एक सोय या यंत्रात आहे. ती बंद केली. ती कुणाचंही पकडते, आणि ज्यांचं ऐकायचं नाही त्यांचंच आधी पकडते. सर्चच्या हद्दीही हॅम पट्ट्यांपुरत्या बांधून टाकल्या.

रबरी अँटेनानं घरात बसून दिवसभरात काहीच आलं नाही. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) शून्यावर नेला की अखंड फस्स, वर नेला की स्मशानशांतता. संध्याकाळच्या नेटला, म्हणजे हॅमच्या ठरलेल्या वेळच्या गप्पांना, पुण्याकडची मंडळी बोलत असतात हे मोबाइलवर कळत होतं, स्कॅनरला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

गच्चीवर अँटेना. साधी ग्राउंड प्लेन: एक उभी सळी, खाली चार सळ्या ४५ अंशांत कललेल्या. वेल्डिंगच्या दुकानातून ब्रेझिंगची पितळी सळी आणली, ३२० रुपये. उभी ४९ सेंमी, खालच्या ५२ सेंमी. हिशोब सोपा आहे: ७५ भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे लहरीची पाव लांबी मीटरमध्ये, त्यातून पाच टक्के वजा. हीच ४९ सेंमी सळी ४३७ ला पाऊण लांबीची होते आणि तिथेही चालते. तिथे तिचा कल थोडा आकाशाकडे असतो, ते उपग्रहाला बरंच.

केबल कुठली घ्यायची यावर दोन दिवस गेले. पुस्तकात ५० ओहमची आरजी-५८ सांगतात. ती महाग, साताऱ्यात नीट मिळेना, आणि ४३० च्या पुढे सिग्नल पितेही फार. डिशवाल्याकडे आरजी-६ आहे, ७५ ओहमची, मीटरला २० रुपये. नुसतं ऐकायचं असेल तर ५० आणि ७५ च्या फरकानं पाव डेसिबलही जात नाही. १५ मीटर घेतली. बोलायचा सेट जोडणार असाल तर मात्र ५० च घ्या.

अडचण वेगळीच निघाली. आरजी-६ ची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर साधा डाख बसत नाही. तासभर सोल्डरिंग आयर्न धरून बसलो, जाळी काळी पडली, बाकी काही नाही. शेवटी मधली तार पितळी सळीला स्क्रूनं आणि जाळी वॉशरखाली दाबून खालच्या सळ्यांना जोडली. हे आधीच करायला हवं होतं.

संध्याकाळी नेट ऐकू आली. कापत कापत, पण आली. शेवटचं "सेव्हन्टी थ्री" (हॅमचा निरोपाचा शब्द) स्वच्छ.

२७ सप्टेंबर

दोन दिवस पावसानं झोडपलं. सिग्नल गेला. वर जाऊन जोड उघडला तर केबलच्या तोंडातून पाणी आत. जाळीतून पाणी वातीतल्या तेलासारखं सरकतं, खाली दीड हातापर्यंत गेलेलं होतं. तेवढा तुकडा कापून फेकला.

नवीन जोडावर सिलिकॉन लावणार होतो. हार्डवेअरवाल्यानं दिलेली ट्यूब उघडली तर व्हिनेगरचा आंबट वास. तो सिलिकॉन तांबं-पितळ खातो. परत केला, न्यूट्रल मागवला, तोवर एम-सील. केबल अँटेनापाशी खाली वळवून मग वर घेतली, म्हणजे पाणी वळणावरून गळून जातं. हे वळण डिशवाले कायम ठेवतात. मला वाटायचं आळशीपणानं ठेवतात.

५ ऑक्टोबर, रविवार

नवा रोग. हॅमच्या रिकाम्या चॅनेलवर हिंदी गाणी लागतायत. एकावर नाही, चार-पाच ठिकाणी, आणि स्कॅन तिथेच अडकून बसतो.

गावातलं एफएम प्रक्षेपण जवळ आहे. रबरी अँटेनाला ते पोचत नव्हतं, गच्चीवरची अँटेना मात्र ते ओंजळीनं आणून ओतते. गाणं असं बाहेरून घुसलंय, की खरंच त्या फ्रिक्वेन्सीवर कुणी आहे, हे ओळखायची एक पक्की खूण आहे. मध्ये १० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक मापानं कमी करणारा तुकडा) लावा. खरा सिग्नल १० नंच उतरतो. दोन मोठ्या सिग्नलांची आत झालेली खिचडी असेल तर ती सहसा ३० नं उतरते, म्हणजे जवळजवळ गायबच होते. लावला, गाणी गायब. नेट कमजोर झाली पण राहिली. म्हणजे रोग एफएमचाच.

तयार एफएम फिल्टर ऑनलाइन दीड हजाराच्या आसपास दिसले. आधी फुकटचा उपाय करून बघायचा ठरवलं.

१२ ऑक्टोबर

फुकटचा उपाय म्हणजे स्टब. केबलला टी (तीन तोंडांचा जोड) जोडायचा, त्याच्या तिसऱ्या तोंडाला पाव लांबीचा केबलचा तुकडा लावायचा आणि दुसरं टोक मोकळं सोडायचं. त्या एका फ्रिक्वेन्सीपुरता तो तुकडा शॉर्ट सर्किटसारखा वागतो आणि तिला गिळून टाकतो. १०३ मेगाहर्ट्झच्या आसपास पाव लांबी ७३ सेंमी. पण केबलच्या आत लहर सावकाश जाते, फोमच्या आरजी-६ मध्ये साधारण ०.८२ पटीनं. म्हणून ६० सेंमी.

पहिल्यांदा टीऐवजी केबलवाल्याचा दोन तोंडांचा स्प्लिटर लावला. काहीच फरक नाही. त्या डबीत ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो दोन्ही तोंडं एकमेकांपासून तोडून ठेवतो, मग स्टबचं शॉर्ट पलीकडे पोचणार कसं? ७० रुपये आणि एक रविवार वाया. खरा टी शोधायला राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत दुकानं पालथी घातली. शेवटी एका सीसीटीव्हीवाल्याकडे बीएनसीचा टी मिळाला. त्याच्या डबड्यात किलोभर होते.

६६ सेंमीचा तुकडा लावून अर्धा-अर्धा सेंमी कापत गेलो. या स्कॅनरला ८८ ते १०८ ऐकूच येत नाही, त्यामुळे स्टब लागला की नाही हे हॅम चॅनेलवरच्या गाण्यावरूनच ठरवायचं. ६१ ला गाणं घोगरं झालं, ६० च्या जरा खाली गप्प. अजून अर्धा सेंमी कापला तर परत हळूहळू सुरू. तो तुकडा टाकून नवा केला, नेमका मधला.

१४५ ला या स्टबमुळे दीड-दोन डेसिबल जातात. तो सौदा मला मान्य आहे. ज्यांच्या गावात चार-पाच एफएम केंद्रं आहेत त्यांनी मात्र स्टबच्या नादी लागू नये, तो एकालाच मारतो. त्यांनी सरळ फिल्टर घ्यावा.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आळीत प्रत्येक गॅलरीला माळा. स्कॅनर निरुपयोगी. नोंद एवढीच.

२६ ऑक्टोबर, रविवार

माळा उतरल्या तरी खरखर पुरती उतरली नाही, म्हणजे काही आपल्याच घरात आहे. आजचा सगळा दिवस तिच्यामागे घालवला आणि या कामातलं सगळ्यात उपयोगी शिक्षण आजच झालं, म्हणून सविस्तर.

पहिली गोष्ट: एफएम मोडवर कानानं खरखर मोजता येत नाही. एफएमचं फस्स सिग्नल नसताना कायम एकाच आवाजाचं असतं, आसपास गोंगाट कितीही असो. एक रिकामा हॅम चॅनेल एएम मोडवर टाकला. एएमला गोंगाट वाढला की आवाज वाढतो. आता स्कॅनर मोजमापाचं यंत्र झाला.

दुसरी: मेन स्विच पाडला आणि खरखर कमी व्हायच्याऐवजी दुप्पट झाली. पाच मिनिटं डोकं खाजवलं. इन्व्हर्टर! लाइट गेली असं समजून तो सुरू झाला होता, आणि घरातला सगळ्यात मोठा गोंगाट तोच होता. त्याचंही बटण बंद केलं तेव्हा कुठे खरी शांतता आली. आधी इन्व्हर्टर मारायचा, मग मेन पाडायचा, असा क्रम ठेवा.

मग एकेक खटका वर करत गेलो. जिन्यातला एलईडी दिवा: वाईट. त्याच वॅटचा दुसऱ्या कंपनीचा दिवा: काही नाही. राउटरचा अडॅप्टर: फार वाईट, शिवाय तो चोवीस तास चालू. टीव्ही ठीक. फ्रिज ठीक, चालू होताना फक्त एक ठोका. स्कॅनरचा स्वतःचा यूएसबी चार्जर सुद्धा गुन्हेगार. ऐकताना तो काढून ठेवायचा, सेलवरच ऐकायचं.

आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अरे, मिक्सर लावू का नको? चटणी वाटायचीय." लावला. मिक्सरची गुरगुर सगळ्यांवर कडी करणारी, पण ती दोन मिनिटांची. तिच्याशी भांडायचं कारण नाही.

उपाय: जिन्यातला दिवा बदलला, ९० रुपये. राउटरच्या वायरला गोंगाट अडवणारी फेराइटची कडी लावली, ४० रुपयाला एक. एका वेढ्यानं नाममात्र फरक, त्याच कडीतून वायर तीनदा फिरवली तेव्हा स्पष्ट फरक. इन्व्हर्टरला हात लावला नाही. लाइट गेली की आता उलट मजा येते: इन्व्हर्टर मुद्दाम बंद करून गच्चीवर जातो, सगळी आळी गप्प असते आणि एरवी कधी न येणारे सिग्नल येतात.

एवढं करूनही चार चॅनेल अडलेलेच. अँटेना काढली तरी स्कॅन तिथे थांबतच होता, म्हणजे सिग्नल ते स्कॅनरच्या स्वतःच्या पोटातले. त्यांना कायमचं लॉकआउट, म्हणजे स्कॅनमधून बाद.

९ नोव्हेंबर

अंतराळ स्थानकासाठी हातात धरायची यागी (एका दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना) केली. तीन काड्या, आणि काड्या म्हणजे स्टीलच्या मीटर टेपचे तुकडे. मागची १०५ सेंमी, मधली ४५-४५ च्या दोन अर्ध्यांची, पुढची ८९. मागची ते मधली २० सेंमी, मधली ते पुढची ३२ सेंमी. मधल्या दोन अर्ध्यांना जोडणारी १३ सेंमी तारेची यू-पिन. हा आराखडा जगभरचे हॅम वर्षानुवर्षं करतायत, मापं बदलायच्या भानगडीत पडू नका.

टेप पाच मीटरची, २५ मिलिमीटर रुंदीची घ्या. आधी आणलेली अरुंद टेप लांब केली की मान टाकते. पीव्हीसी पाइप ६० रुपये, होज क्लिप सहा. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरनं पुरता खरवडल्याशिवाय डाख धरत नाही. स्टीलला सोल्डर पेस्ट सढळ हातानं लावा, नंतर पुसून काढा. कापलेल्या टोकांना टेप गुंडाळा. माझ्या अंगठ्याला लागलंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्थानक जायच्या वेळा मोबाइल अ‍ॅपवर मिळतात. जागा नीट भरा: सातारा १७.६८ उत्तर, ७४.०० पूर्व. आणि कक्षेची माहिती दर आठवड्याला ताजी करा, स्थानक मधूनमधून स्वतःची उंची बदलतं.

गोडोलीतून पश्चिमेला अजिंक्यतारा आडवा. आकाशाचे खालचे दहा-बारा अंश तिकडे गेलेच. त्यामुळे वायव्येकडून उगवणाऱ्या फेरीचं पहिलं दीड-एक मिनिट हाती लागत नाही. पूर्वेची बाजू मोकळी. डोक्यावरून जाणाऱ्या फेरीत जास्तीत जास्त दहा मिनिटं मिळतात, किल्ल्याचा कर वजा जाता आठ.

१४५.८२५ वर पॅकेटचे, म्हणजे डिजिटल संदेशांचे फटकारे आले. बुर्र... बुर्र... मधे शांतता, परत बुर्र. चारशेच्या वर किलोमीटरवरून, मीटर टेपवर. मनगट फिरवलं की आवाज मोठा-लहान होतो, कारण येणाऱ्या लहरीचा कल सारखा बदलतो. यागी एकाच कोनात धरून बसू नका. या पट्ट्यात डॉप्लरनं (स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते त्यानं) फार तर साडेतीन किलोहर्ट्झचा फरक पडतो, चॅनेल बदलायची गरज नाही.

१४५.८०० गप्प होता. स्थानकावरून चित्रं किंवा शाळांशी गप्पा असतात त्या ठरलेल्या दिवशीच, आधी वेळापत्रक बघून जा. चित्र आलं तर मोबाइल स्पीकरजवळ धरून उलगडता येतं.

हवामान उपग्रहांचं एक मनात होतं, ते सोडलं. १३७ मेगाहर्ट्झवर साधी चित्रं पाठवणारे जुने अमेरिकी उपग्रह याच वर्षी बंद झाले, शेवटचे दोन ऑगस्टमध्ये. तसंही त्यांचा सिग्नल साधारण ३४ किलोहर्ट्झ रुंद, या स्कॅनरच्या अरुंद एफएममध्ये तो मावलाच नसता. रशियाचे मेटिओर अजून चालतात, पण ते डिजिटल. त्याला लॅपटॉपला लावायचा रेडिओ डोंगल हवा, स्कॅनर नव्हे.

३० नोव्हेंबर, रविवार

यवतेश्वरचं पठार. सप्टेंबरात कासच्या फुलांच्या गर्दीत घाटात गाडी हलत नाही, आता रस्ता मोकळा. किल्ला खाली राहतो, आकाश चहूबाजूंनी. घरून कापत येणारी नेट इथे रबरी अँटेनावर! दोन महिने गच्चीवर जे कमावलं ते सगळं उंचीनं एका झटक्यात दिलं.

एसओ-५० हा सौदी हॅम उपग्रह, २००२ सालचा, पृथ्वीकडे ४३६.७९५ वर बोलतो. इथे डॉप्लर दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो, त्यामुळे एक चॅनेल पुरत नाही. ओळीनं पाच भरले: ४३६.८०५, .८००, .७९५, .७९०, .७८५. उगवताना वरून सुरू करायचं, आवाज फाटायला लागला की एक पायरी खाली. स्कॅन लावायचा नाही, हातानं उतरायचं.

टेपची यागी या पट्ट्याला कामाची नाही. फोल्डिंगची दांडी-अँटेना ४०० ला घेतली होती, ती १७ सेंमीपर्यंत आत ढकलली आणि तिरकी धरली. फेरीच्या मधल्या भागात आवाज आले, दोन-तीन माणसं एकमेकांवर पडून कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळालेलं ओळखचिन्ह) सांगतायत. एक व्हीयू२ (भारतीय कॉलसाइन) स्पष्ट, त्याचं उत्तर गेलं खरखरीत. घरून हे जमेल असं वाटत नाही. निदान ४३६ साठी वेगळी छोटी यागी केल्याशिवाय नाही.

७ डिसेंबर

खर्च: स्कॅनर ८,०००. केबल ३००. पितळी सळी ३२०. कनेक्टर आणि टी २५०. वाया गेलेला स्प्लिटर ७०. टेप दोन, पाइप, क्लिप मिळून ५१०. दांडी-अँटेना ४००. दिवा आणि फेराइट १७०. न्यूट्रल सिलिकॉन २८०. एकूण १०,३००. रिचार्जेबल सेल घरचेच होते.

चालू ठेवलेले चॅनेल: भरले होते साठच्या वर, उरले अकरा. त्यातला संध्याकाळच्या नेटचा प्रायॉरिटीवर. डिले (बोलणं थांबल्यावर त्याच चॅनेलवर थांबायचा वेळ) दोन सेकंद, नाहीतर उत्तर यायच्या आत स्कॅन पुढे पळतो. स्क्वेल्च फस्स जेमतेम थांबतं तिथून एक पायरी वर, त्याहून वर नाही.

छोट्या यागीसाठी उरलेल्या टेपचे तुकडे मोजले. पुरतात. पाइप आणावा लागेल, आणि या वेळी हातमोजेही.